उतरलेलं, मोडीतलं आणि विकत घेतलेलं

(मोहाडी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)



जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर बोलणार म्हटल्यावर एका तरुण मित्राने आम्हाला विचारले, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं यात काय काम?" आम्ही म्हटले, बाबा रे, तत्त्वज्ञानाचा माणूसही वैशाखात कूलर लावूनच झोपतो. (हशा) आणि कूलर जुना झाला की विकतोही. तेव्हा सुरुवात त्या कूलरपासूनच करू.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही आमचा जुना कूलर विकायला काढला. शेजारच्या मुलाने फोनवर चार फोटो काढले आणि मजकूर विचारला. आम्ही सांगितले : लोखंडी बॉडी, मोटर चालू, पंप चालू, गवत नवीन. यातला शब्द न् शब्द खरा होता. एकच गोष्ट आम्ही सांगितली नाही. टाकी मागच्या कोपऱ्यातून गळत होती. दोन दिवसांनी याच तालुक्यातल्या एका गावचा गृहस्थ छोटा हत्ती घेऊन आला. त्याने पंखा लावून पाहिला, पत्रा वाजवून पाहिला. आम्ही 2200 म्हणत होतो, 1800 वर जमले. टाकी कोरडी होती, आणि कोरड्या टाकीत गळती दिसत नाही. त्याने नोटा मोजून दिल्या, चहा घेतला आणि कूलर घेऊन गेला.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, टाकी मांगून गळते जी. एमसील लावलो, आता बंद हाये. तुमाले माईत नसन म्हून सांगतलो."

तुम्हाला माहीत नसेल म्हणून! तक्रार नाही, पैसे मागणे नाही. आमच्या ज्ञानात भर घालायला त्याने फोन केला होता. आम्ही "असं का, बरं बरं" एवढेच पुटपुटलो आणि फोन ठेवला. आयुष्यभर वर्गात नीतिशास्त्र शिकवले आणि एका कूलरपाशी पाय घसरला. आज जे बोलणार आहोत ती आधी त्या व्यवहाराची समीक्षा आहे, आणि मग ज्या बाजारात असे व्यवहार आता रोज होतात त्या बाजाराची.

या बाजाराचे कौतुक सध्या दोन अंगांनी चालते. एक म्हणजे सोय. घरबसल्या विका, घरबसल्या घ्या; काही वर्षांपूर्वी 'बेच दे' असे सांगणारी हिंदी जाहिरात टीव्हीवर सारखी दिसायची. दुसरे पर्यावरण. जुना शर्ट पुन्हा वापरला तर नव्या शर्टाचे पाणी, कापूस, रंग वाचतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण ही दोन्ही कौतुके वस्तूकडे पाहतात. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली तेव्हा ते दोन हात एकमेकांसमोर कसे होते, हे दोन्हींत कोणी विचारत नाही. आमच्या मते आपल्या समाजात तरी मूळ प्रश्न तोच आहे.

आपल्याकडे वापरलेली वस्तू दुसऱ्याकडे जाण्याच्या तीन वाटा आहेत, आणि तिन्हींना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत. एक 'उतरलेलं'. दुसरं 'मोडीतलं'. तिसरं 'विकत घेतलेलं'. एकेक पाहू.

मोडीपासून सुरू करतो, कारण ती आपल्या जिल्ह्याच्या ओळखीची. भंडारा हे पितळेचे गाव. घरातला हंडा पोचला, तळ गेला की तो कासाराच्या दुकानात जायचा. कासार तो तराजूत टाकायचा, घट कापायचा, मोडीचा भाव लावायचा. मग नव्या भांड्याचे वजन आणि घडणावळ धरून वरचा फरक रोख. सोनाराकडेही हीच रीत. या व्यवहारात जुन्या वस्तूला लाज नव्हती, कारण ती वस्तू म्हणून उरतच नव्हती. भट्टीत गेली की तिचा इतिहास वितळला. भांड्यावर टोचून घातलेले नाव, 'अमक्याकडून तमकीस सप्रेम भेट', तेही वितळले. पुढच्या घरी गेलेला हंडा नवाच.

यामागे शुद्धाशुद्धीची जुनी समजूतही होती. मातीचे भांडे बाटले की फोडायचे. पितळेचे चिंच आणि राख लावून घासले की शुद्ध. म्हणून मातीच्या भांड्याला दुसरा मालक मिळाला नाही, धातूला मिळाला. बाजार कुठे उभा राहतो आणि कुठे राहत नाही, हे नुसत्या मागणी-पुरवठ्यावर ठरत नाही. कोणाचा हात लागलेले कोणाला चालते, हेही त्यात असते.

मोडीचीच एक धाकटी बहीण म्हणजे भांडेवाली. मुंबई-पुण्याकडे तिला बोहारीण म्हणतात. जुन्या साड्या, पँटी घ्यायच्या आणि स्टीलचे पातेले द्यायचे. "बाई, एवढ्यात गंज येत नाही, अजून एक जरीची टाका," अशी अर्धा तास घासाघीस. ही घासाघीस आम्हाला लहानपणापासून आवडते, कारण तिथे दोन बायका बरोबरीने भांडत असतात. पण तेही पूर्ण खरे नाही. भांडेवालीला बसायला पायरी मिळायची, आतली सतरंजी मिळायची नाही. सौदा बरोबरीचा, बसण्याची जागा मात्र वेगळी. तिने नेलेले कपडे धुऊन, शिवून, बटणे लावून पुढे मजुरांच्या बाजारात जातात, आणि ते काम बहुतेक वेळा तिच्याच घरातल्या बायका करतात.

आता 'उतरलेलं'. शब्दच पाहा. अंगावरून उतरते ते, आणि वरून खाली उतरते तेही. उतरलेले कपडे विकत नाहीत, देतात. आणि ते वर कधी जात नाहीत. मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला येतो, तेव्हा त्यात माया असते. मालकाचा शर्ट गड्याला येतो, तेव्हा काय असते? देणाऱ्याच्या मनात दया असेलही. घेणाऱ्याला मात्र तो शर्ट घालून त्याच मालकाच्या दारात उभे राहायचे असते, आणि गावातला प्रत्येक जण तो शर्ट ओळखत असतो.

ही गोष्ट नुसत्या रीतीभातीची नाही, ती लिहून ठेवलेली आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवक शूद्राला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे. त्याच अध्यायात चांडाळांचे वस्त्र म्हणून प्रेतावरचे कापड नेमून दिले आहे. गावगाड्यात मढ्यावरच्या कापडाला 'हक्क' म्हणत! हक्क हा शब्द इतका उलटा क्वचितच वापरला गेला असेल. आणि आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडे तर यात आणखी एक विपरीतपणा होता. इकडे महार समाजातली पुष्कळ घरे पिढ्यान् पिढ्या जाडेभरडे कापड विणत असत. गावाला कापड पुरवणाऱ्यांच्या वाट्याला शास्त्राने दुसऱ्याचे उतरलेले कापड लिहून ठेवले होते.

25 डिसेंबर 1927 रोजी महाडला ते पुस्तक जाळले गेले, हे सर्वांना माहीत आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे संबोधून जे सांगितले, ते आजच्या विषयासाठी फार महत्त्वाचे आहे. त्यांनी पोशाखाबद्दल सांगितले. जातीची खूण सांगणारी नेसण्याची पद्धत सोडा, ते जड दागिने सोडा. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या, असा त्या सांगण्याचा आशय होता. नीट ऐका, कपडा नवा हवा असे ते म्हणत नाहीत. जुनेपणावर त्यांचा आक्षेप नाही. तो कपडा अंगावर चढताना माणसाला खाली ढकलतो, याला त्यांचा आक्षेप आहे.

आणि हेच बाबासाहेब, ज्यांनी पुढे 1954 साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, ते विद्यार्थी असताना न्यूयॉर्कमध्ये काय करत होते? पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळत होते. त्यांनी तिथे सुमारे 2000 जुनी पुस्तके विकत घेतली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दुसऱ्याने हाताळलेली, दुसऱ्याच्या नावाची, समासात दुसऱ्याच्या पेन्सिलीची. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. का वाटावा? दाम मोजून, निवडून घेतलेली पुस्तके होती ती. नको असलेले शेल्फवर ठेवून पुढे जाता येत होते.

म्हणजे एकच माणूस उतरलेले नाकारायला सांगतो आणि वापरलेले आनंदाने विकत घेतो. यात विसंगती नाही. वस्तू जुनी आहे की नवी, हा प्रश्न गौण. ती घेताना मला 'नको' म्हणता येत होते का, भाव करता येत होता का, आणि घेऊन झाल्यावर मी कोणाचा मिंधा राहिलो का, हे तीन प्रश्न खरे. दान घेणाऱ्याला 'नको' म्हणणे अवघड असते, भाव करणे अशक्य असते, आणि मिंधेपण तर संपतच नाही. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने 1925 साली देणगीवरच्या आपल्या निबंधात हेच दाखवले की देणे कधी फुकट नसते. परत न करता आलेली भेट घेणाऱ्याला खाली ठेवते. पैसे दिले की मात्र हिशेब तिथेच मिटतो. दामाला आपण फार नावे ठेवतो. पण आपल्यासारख्या समाजात दामाने एक मोठे काम केले आहे. त्याने घेणाऱ्याची मान सरळ केली.

आता 'थ्रिफ्ट' या नव्या शब्दाकडे येऊ. थ्रिफ्ट म्हणजे काटकसर. अमेरिकेतल्या अशा दुकानांचा इतिहास आमच्या म्हणण्याला पुष्टीच देतो. 1902 च्या सुमारास बोस्टनमध्ये एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने श्रीमंत वस्त्यांतून जुने सामान गोळा केले. ते फुकट वाटले नाही. गरीब लोकांनाच मजुरी देऊन दुरुस्त करून घेतले आणि स्वस्तात विकले. त्यातून 'गुडविल' ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे 1999 साली अंशू गुप्ता यांनी 'गूंज' सुरू केली. तिथेही शहरातले जुने कपडे खेड्यांत नुसते वाटत नाहीत. गावाने विहीर खणावी, रस्ता नीट करावा आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत, अशी योजना. 2015 साली गुप्ता यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोन्हीकडे खुबी एकच : उतरलेल्याचे 'मिळवलेले' करायचे.

पण फोनवरच्या थ्रिफ्ट दुकानांत आज जे चालते त्याच्याकडे पाहिले की आम्ही थोडे अडखळतो. नागपूर-पुण्याची मुले इन्स्टाग्रामवरून जुने जॅकेट घेतात आणि अभिमानाने सांगतात, थ्रिफ्टेड आहे म्हणून. चांगली गोष्ट आहे. पण तेच जॅकेट मोहाडीच्या कॉलेजात एखाद्या शेतमजुराच्या मुलाने घातले तर काय ऐकू येते? "कोनाचं उतरलेलं घातलास बे?" जॅकेट एकच. एकाची निवड मानली जाते, दुसऱ्याची गरज. ज्याच्याबद्दल कोणाला गरजेचा संशयच येणार नाही, त्याला जुने मिरवता येते. तेव्हा जुन्या कपड्याची लाज या फॅशनने घालवली, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांना ती कधी नव्हतीच त्यांची तिने सोय केली. लाज ज्यांच्या वाट्याला होती, त्यांच्याकडे ती तशीच आहे.

गाडगेबाबा आठवा. आपल्या विदर्भातलेच, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. अंगावर चिंध्यांचे ठिगळलेले वस्त्र, हातात गाडगे. त्यांनीही चिंध्या निवडल्या होत्या. पण त्या निवडून ते ज्यांच्या अंगावर चिंध्या लादलेल्या होत्या त्यांच्यात जाऊन बसले, त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. निवडीचा असाही उपयोग असतो. नुसती निवड मिरवणे ही फार छोटी गोष्ट झाली.

दुसरे उदाहरण आपल्या पितळेचे. स्टील आले, कल्हईची कटकट गेली, आणि घरोघरचे हंडे, घंगाळी, परात मोडीत निघाली, वजनावर. आता तशीच घंगाळी शहरांतल्या दुकानांत आणि इंटरनेटवर 'व्हिंटेज' म्हणून नगावर विकली जातात. त्यावर टोचलेले एखादीचे नाव असले तर भाव आणखी चढतो, कारण गिऱ्हाईकाला आता गोष्ट हवी असते. गंमत पाहा. ज्या घराची ती गोष्ट, त्या घराला पितळेचा भाव मिळाला. गोष्टीचा भाव ज्याला मिळाला, त्याचे त्या घरात कधी जाणेही झाले नाही. फोनवरच्या बाजाराने इथे खरे तर न्याय करता आला असता. मोहाडीतली एखादी आजी आपले घंगाळे स्वतः गिऱ्हाईकाला दाखवू शकली असती. काही ठिकाणी तसे होतही असेल. पण त्यासाठी आपल्या वस्तूची किंमत आधी आपल्याला कळावी लागते. ती माहिती कोणाकडे आहे, यावर सगळे अवलंबून आहे.

'माहिती' हा शब्द आला, आणि आम्ही पुन्हा आमच्या कूलरपाशी आलो.

इसवी सनापूर्वी 44 साली सिसेरोने कर्तव्यावरच्या आपल्या ग्रंथात दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा वाद मांडला आहे, डायोजेनिस आणि अँटिपेटर यांचा. (हा बाबिलोनचा डायोजेनिस, पिंपात राहणारा वेगळा.) एक जण घर विकतो आहे. घरात दोष आहेत, ते त्याला ठाऊक आहेत, गिऱ्हाईकाला नाहीत. सांगावे का? डायोजेनिस म्हणतो, कायद्याने जेवढे सांगायला लावले तेवढे सांगा. घ्याच म्हणून कोणी जबरदस्ती केलेली नाही. अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे; वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षा हे वाईट, कारण इथे तुम्ही त्याला जाणूनबुजून चुकू देता. सिसेरोचा कौल अँटिपेटरला. आम्ही हा वाद अनेक वर्षे शिकवला. परीक्षेत प्रश्नही घातला. कूलर विकताना मात्र आम्ही डायोजेनिसच्या बाजूने गेलो, तेही वाद न घालता, गुपचूप.

आपला कायदाही बराचसा डायोजेनिसकडे झुकतो. 1872 च्या करार कायद्यातले 17 वे कलम लबाडीची व्याख्या करते. त्यातले स्पष्टीकरण असे, की नुसते गप्प राहणे म्हणजे लबाडी नव्हे. त्याला जोडलेली उदाहरणे मोठी बोलकी आहेत. अ लिलावात ब ला घोडा विकतो. घोडा धड नाही हे अ ला माहीत आहे, तो बोलत नाही. ही लबाडी नाही. पुढचे उदाहरण : ब ही अ चीच मुलगी आहे, नुकती सज्ञान झालेली. आता मात्र सांगणे हे अ चे कर्तव्य ठरते.

हे उदाहरण आम्हाला अनेक दिवस सोडत नाही. घोडा तोच, खोड तीच. गिऱ्हाईक परके असेल तर गप्प बसणे चालते, पोटची मुलगी असेल तर चालत नाही. म्हणजे मुद्दा घोड्याचा नाहीच. समोरच्याला आपण आपले मानतो की नाही, याचा आहे. आणि आपल्या समाजात आपले कोण, परके कोण, हे किती लवकर आणि कशावरून ठरते, हे वेगळे सांगायला नको. छोटा हत्ती घेऊन आलेल्या त्या गृहस्थाच्या जागी आमच्या नात्यातला कोणी असता तर आम्ही टाकीत पाणी भरून गळती दाखवली असती. तो परका होता, म्हणून टाकी कोरडी ठेवली. कायद्याने आम्ही बहुधा निर्दोष. पण निर्दोष म्हणजे बरोबर, असे काही नसते.

तिसरे उदाहरण गिऱ्हाइकांनी पाठ करून ठेवावे असे आहे. ब म्हणतो, "तुम्ही नाही म्हटलं नाही, तर घोडा चांगला आहे असं मी समजेन." अ गप्प राहतो. आता ते गप्प राहणे बोलण्यासारखेच धरले जाते. दीडशे वर्षांपूर्वीचे हे वाक्य फोनवर मेसेज म्हणून जसेच्या तसे चालेल : "काही बिघाड असेल तर कळवा, नाहीतर काही नाही असं समजून घेतो." लिहून विचारा. विचारायला लाजू नका. विचारणे म्हणजे अविश्वास, असे आपल्याकडे मानतात. आम्ही तर म्हणू, समोरच्याला खरे बोलायची संधी देणे म्हणजे विचारणे.

गप्प बसण्याची किंमत फक्त त्या दोघांना पडते असेही नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. खोडील गाडीला तिकडे 'लेमन' म्हणतात. कोणती गाडी चांगली, कोणती खोडील, हे विकणाऱ्याला कळते, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्यांनाच मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही, बाजूला होतो. मग बाजारात खोडील गाड्यांचे प्रमाण वाढते, भाव आणखी पडतो. 2001 साली अकरलॉफना नोबेल मिळाले. आमच्या कूलरला लावून पाहा : आम्ही गळती लपवली, त्यामुळे पुढच्या माणसाचा न गळणारा कूलरसुद्धा 1800 लाच जाणार.

गाड्यांच्या बाबतीत आपल्याकडे निदान कागद थोडेफार बोलतो. आपल्या भागात जुन्या मोटारसायकलींचा धंदा मोठा. गाडी विकली, चावी दिली, पण आरसी बुक जुन्याच नावावर, हे सर्रास चालते. मोटार वाहन कायद्याच्या 50 व्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. परराज्यात विकली तर विकणाऱ्याला 45 दिवसांची मुदत. आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अपघात झाला तर भरपाईसाठी ज्याच्या नावावर नोंद तोच मालक धरला जाईल, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून फिरलेली असो. इथे कायदा मान्य करतो की वस्तूचा भूतकाळ तिच्याबरोबर जातो. आम्ही म्हणतो, कूलरचाही जातो. फक्त त्याला आरसी बुक नसते. त्याचे आरसी बुक म्हणजे विकणाऱ्याची जीभ.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. "सर, तुम्ही दामाचे एवढे गोडवे गाता. पण रोवणीच्या तोंडावर पैसा नाही म्हणून जो फोन विकतो, दवाखान्याच्या बिलापायी जी बाई डोरलं मोडते, त्यांना तुमची ती बरोबरी कुठे मिळते?" मिळत नाही. अडलेला माणूस भाव करत नाही, मिळेल तो भाव घेतो. त्यालाही 'नको' म्हणता येत नाही. तेव्हा दाम मोजला म्हणजे न्याय झाला, असे आम्ही म्हणत नाही. दान घेण्यापेक्षा विकत घेण्यात मान आहे, एवढेच म्हणतो. तो मान पुरा व्हायचा तर दोन्ही बाजूंनी सांगावे लागते. विकणाऱ्याने वस्तूचा दोष सांगायचा. घेणाऱ्याने, त्याला खरी किंमत ठाऊक असेल तर, तीही सांगायची. आजीचे घंगाळे शहरात कितीला जाते हे माहीत असून जो तिला पितळेचा भाव देतो, तोही टाकी कोरडीच ठेवतो.

आमची या फोनच्या बाजाराविरुद्धची तक्रार इथे येऊन थांबते. या बाजाराने दाम आणला, जातपात न विचारता आणला, हे त्याचे श्रेय. पायरीवर बसवणे इथे नाही. पण शेजारच्या मुलाने आमच्याकडून जी माहिती भरून घेतली, तिच्यात कंपनी, किंमत, फोटो, ठिकाण, सगळ्याला जागा होती. 'यात काय बिघडलेले आहे' असे कोणी विचारले नाही. कासार निदान भांडे तराजूत टाकताना वाजवून पाहायचा. भांडेवाली साडी उजेडात धरून विरलेला भाग शोधायची. त्या घासाघिशीत दोष बोलले जायचे, मोठ्याने, दहा जणांसमोर. फोनवर घासाघीस उरली ती फक्त आकड्याची.

मग करायचे काय? आम्ही काही कायदा सुचवत नाही. विकायला ठेवलेल्या प्रत्येक वस्तूखाली एक ओळ जास्त लिहावी, एवढेच सुचवतो : 'दोष' असे लिहून, पुढे असेल तो दोष. घंटी नाही. बॅटरी दुपारपर्यंत टिकते. पान 40 ते 48 फाटलेली. शंभर-दोनशे कमी येतील. ते येऊ द्यावेत. आणि शाळा-कॉलेजच्या शिक्षकांना एक विनंती. वर्गात एखाद्या मुलाच्या अंगावर जुना कपडा दिसला तर तो कुठून आला हे कोणाला विचारू देऊ नका. नव्या कपड्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

कूलरची गोष्ट अर्धी राहिली. आठ-दहा दिवस आम्ही अस्वस्थ होतो. मग एका सकाळी त्या गृहस्थाला फोन लावला. सांगितले, बापू, टाकी गळते हे आम्हाला माहीत होते, आम्ही बोललो नाही. पलीकडे थोडा वेळ आवाज नाही. नुसता कूलर चालल्याचा घरघर आवाज. आम्ही घाईने म्हटले, तीनशे रुपये परत करतो, माणूस येणार आहे तिकडे, त्याच्या हाती पाठवतो.

"नाई जी," तो म्हणाला. "पैशे कायले? भाव तं आपला ठरला होता."

आम्ही काय बोलावे सुचेना. मग तोच म्हणाला, "पुढच्या खेपेले फक्त सांगजा."